चक्रव्यूह म्हणू नका

घरात बारशाच्या दिवशी आत्येचे जे स्थान असते, तेच महाविद्यालयात मराठी विभागाचे असते. एरवी कुणी विचारीत नाही; नाव ठेवायची वेळ आली की मात्र निरोप येतो. असाच एक निरोप मला आला. नगर जिल्ह्यातील एका महाविद्यालयाने मैदानाच्या कोपऱ्यात विटांच्या रांगा मांडून एक मोठी वर्तुळाकार आकृती तयार करून घेतली होती. एका बाजूने आत शिरायचे, वळणे घेत मध्यापर्यंत जायचे, क्षणभर थांबायचे आणि त्याच वाटेने परत यायचे. इंग्रजीत याला लॅबिरिन्थ म्हणतात. पाश्चात्य देशांत रुग्णालये, विद्यापीठे, तुरुंग अशा ठिकाणी ताण हलका करण्यासाठी अशा वाटा आखतात, असे समुपदेशनाच्या शिबिरात सांगण्यात आले होते. फलकासाठी मराठी नाव हवे होते. खरे तर ते आधीच ठरले होते, माझ्याकडून फक्त शुद्धलेखन तपासून हवे होते. नाव होते ‘चक्रव्यूह : ताणमुक्तीचा मार्ग’.

शुद्धलेखनात चूक नव्हती. तरीही मी हरकत घेतली, आणि ती नोंदवताना जे बोलून झाले नाही ते येथे लिहीत आहे.

आधी आकृतीबद्दल. मराठीत आपण ‘भूलभुलैया’ हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींना वापरतो. लखनौच्या बड्या इमामबाड्यातील भूलभुलैया हा पहिला प्रकार. तेथे वाटा फुटतात, काही बंद होतात, माणसाला निवड करावी लागते आणि निवड चुकते. दुसऱ्या प्रकारात वाट एकच असते. ती कितीही वळली तरी फुटत नाही, म्हणून चुकण्याची सोयच नसते. फ्रान्समधील शार्त्रच्या कॅथीड्रलच्या फरशीवर तेराव्या शतकाच्या आरंभी बसवलेली आकृती ही या दुसऱ्या प्रकाराची सर्वांत प्रसिद्ध प्रतिमा. व्यास सुमारे १३ मीटर, वेढे अकरा, आणि एवढ्याशा जागेत गुंडाळलेली वाट मात्र सुमारे २६० मीटर. तिची गंमत अशी की शिरल्यावर थोड्याच वेळात आपण मध्याच्या अगदी जवळ येतो. आता पोहोचलोच असे वाटते, आणि वाट आपल्याला उचलून पुन्हा बाहेरच्या कडेला नेऊन सोडते. ज्यांनी प्रबंध लिहिला आहे त्यांना हे वर्णन ओळखीचे वाटेल.

या आकृतीला आज जे ध्यानाचे वलय आहे ते मात्र फारसे जुने नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस कॅथीड्रलमध्ये लॉरेन आर्ट्रेस या धर्मोपदेशिकेने १९९१ च्या सुमारास शार्त्रच्या आकृतीची कापडी प्रतिकृती अंथरली आणि १९९५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. तेथून ही चळवळ पसरली. मध्ययुगीन यात्रेकरू जेरुसलेमला जाण्याऐवजी या वाटेवर गुडघ्यांनी चालत, असे ठिकठिकाणी सांगतात. त्याला त्या काळचा पुरावा मात्र नाही. पुरावा आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. ओसेर येथील कॅथीड्रलमध्ये अशाच आकृतीवर ईस्टरच्या दिवशी धर्मगुरू मंडळी हात धरून नाचत आणि चेंडू खेळत. १५३८ मध्ये हा खेळ बंद करण्यात आला. म्हणजे ज्या ‘प्राचीन ध्यानमार्गा’ची आपण भक्तिभावाने नक्कल करतो आहोत, त्याच्या कागदोपत्री इतिहासात ध्यानापेक्षा दंगा अधिक आहे. मला यात कमीपणा वाटत नाही. उलट ताण कमी करण्यासाठी एकमेकांचे हात धरून चेंडू खेळणे हा उपाय मुलांनी चटकन स्वीकारला असता.

आता हरकतीकडे वळतो. ‘चक्रव्यूह’ हा शब्द मराठी कानावर पडला की अभिमन्यू मरतो. दुसरे काही होत नाही. ज्या मुलाला झोप येत नाही, ज्याची स्पर्धा परीक्षेची तिसरी फेरी वाया गेली आहे, घरी कांद्याचा भाव आणि सोसायटीचे कर्ज याखेरीज विषय नाही, त्याला आपण विटांच्या दाराशी नेतो आणि फलकावर सांगतो की यात शिरायचे असते, बाहेर पडणे माहीत नसते. १९८३ च्या ‘अर्धसत्य’ चित्रपटाने हा शब्द आपल्या पिढीच्या मनात कायमचा रुतवला. मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची, त्यातली कविता दिलीप चित्र्यांची, दोघेही आपलेच. चक्रव्यूहात शिरण्याआधीचा आणि शिरल्यानंतरचा माणूस एकच राहतो का, हा त्या कवितेमागचा प्रश्न एका पोलीस फौजदाराच्या गळ्याशी येऊन थांबतो. हा शब्द ताणमुक्तीला लावणे म्हणजे विहिरीवर ‘येथे पोहायला शिकवतात’ अशी पाटी लावण्यासारखे आहे. कदाचित शिकवीतही असतील. पण गावाला ती विहीर दुसऱ्याच कारणाने ठाऊक असते.

यावर एक सहकारी म्हणाले, की परंपरेनेच ही सांगड घातली आहे, तुमची हरकत अडाणीपणाची आहे. त्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे, आणि ते अर्धेही लहान नाही. हळेबीडच्या बाराव्या शतकातील होयसळेश्वर मंदिरात अभिमन्यूच्या युद्धाचा जो शिल्पपट आहे, त्यात शिल्पकाराने व्यूह दाखवताना वळणावळणांची अशीच आकृती कोरली आहे. महाभारतात मात्र व्यूह म्हणजे सैन्याची मांडणी. वाटेचे कोडे असे त्याचे वर्णन नाही. कुणा कारागिराने किंवा कथेकऱ्याने दोन गोष्टी एकत्र आणल्या आणि त्या तशाच राहिल्या. याहूनही विलक्षण गोष्ट बाळंतिणीच्या खोलीत घडते. उत्तरेत काही ठिकाणी बाई अडली की थाळीवर केशराने ही आकृती काढीत आणि ती पाण्याने धुऊन ते पाणी तिला पाजीत. या आकृतीला नाव चक्रव्यूहाचेच. बाहेर पडता न आलेल्या मुलाची आकृती, बाहेर पडू पाहणाऱ्या मुलासाठी. अभिमन्यूच्या गोष्टीची याहून चांगली दुरुस्ती कुठल्या कवीने केलेली मला माहीत नाही, आणि ती केली ती बहुधा निरक्षर सुइणींनी.

पण थाळीवरचे केशर वेगळे आणि फलकावरचा रंग वेगळा. सुईण त्या शब्दाचे मरण ओळखून तो वापरीत होती. आपण तो शोभेसाठी वापरतो.

शिवाय अभिमन्यूची गोष्ट आपण चुकीची शिकवतो, हे मला या निमित्ताने नव्याने जाणवले. सुभद्रेला झोप लागली आणि पोटातल्या बाळाचे ऐकणे अर्धवट राहिले, हा भाग लोककथेचा. द्रोणपर्वात अभिमन्यू युधिष्ठिराला सरळ सांगतो की वडिलांनी मला शिरण्याची रीत शिकवली आहे, संकटात बाहेर येण्याची नाही. त्यावर थोरली मंडळी त्याला आश्वासन देतात की तू फक्त वाट फोड, आम्ही तुझ्या मागोमाग येतोच. तो वाट फोडतो. आणि मागून येणाऱ्यांना जयद्रथ दारातच अडवतो. अभिमन्यू मेला तो वाट चुकली म्हणून नव्हे, अपुऱ्या ज्ञानानेही पूर्णतः नव्हे. मागोमाग येतो म्हणणारे आले नाहीत म्हणून मेला. ही गोष्ट वर्गात सांगताना मी इतकी वर्षे मुलाच्या अपुऱ्या शिक्षणावर बोट ठेवीत आलो. मोठ्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या वचनावर ठेवायला हवे होते. मैदानात विटा मांडून, फलक लावून, ‘जा, फिरून ये, बरे वाटेल’ असे सांगून आम्ही शिक्षक खोलीत चहा प्यायला जाणार असू, तर ते नाव अगदीच चुकीचे नाही, असेही मग मनात आले.

चालण्याने मन निवते, हे आपल्याला शिबिरात येऊन कुणी सांगावे लागते याचे मात्र मला आश्चर्य वाटते. बौद्ध भिक्षूंचे चंक्रमण ही ध्यानाचीच रीत आहे. जेवणानंतरची शतपावली प्रत्येक घरात होती. पण मराठीने चालण्याच्या नुसत्या सवयी ठेवल्या नाहीत, त्यांतले भेदही ठेवले. ‘येरझारा’ हा शब्द पाहा. प्रसूतिगृहाबाहेरचा बाप येरझारा घालतो, आणि संतांच्या भाषेत जन्ममरणाची तीच येरझार असते. दोन टोकांमधले, मध्य नसलेले चालणे. ‘फेरा’ हा चौऱ्यायशी लक्षांचाही आणि सप्तपदीआधीच्या होमाभोवतीचाही. घाण्याचा बैल दिवसभर वर्तुळातच चालतो. त्याच्या डोळ्यांवर झापडे असतात आणि त्याला कुणी ध्यानस्थ म्हणत नाही. ऊसतोडीला पाथर्डीहून निघालेली बाई फडात दिवसभर जेवढी चालते तेवढे चालणे कुठल्याही ताणमुक्ती शिबिरात बसणार नाही, आणि तिला त्यातून शांती मिळते असे लिहिण्याचे धाडस निदान मी तरी करणार नाही. तेव्हा नुसते चालणे पुरत नाही. कशाभोवती, कुणाबरोबर, आणि परत येता येते की नाही, यावर सारे ठरते.

कशाभोवती, याचे उत्तर शोधायचे तर आमच्याच जिल्ह्यात कर्जत तालुक्यात भीमेच्या काठी सिद्धटेक आहे. अष्टविनायकांपैकी उजव्या सोंडेचा गणपती हा एकटाच. देऊळ अहिल्याबाई होळकरांनी बांधवले. त्यांचे जन्मगाव चौंडी याच जिल्ह्यात, आणि आता जिल्ह्यालाच त्यांचे नाव आहे. देवाचे स्थान टेकडीलाच लागून असल्याने पूर्ण प्रदक्षिणा करायची तर साऱ्या टेकडीला वळसा घालावा लागतो. अंतर सुमारे पाच किलोमीटर. बाभळी, काटे, खडे. इतर देवळांत प्रदक्षिणा म्हणजे गाभाऱ्याला खेटून पाऊल मोजणे. येथे देव पाठीमागे राहतो, कळस दिसेनासा होतो, आणि मधला बराच वेळ आपण फक्त एका उजाड टेकडीच्या कडेने चाललेले असतो. शार्त्रच्या वाटेचे बाहेरच्या कडेला नेऊन सोडणे मला येथे आठवते. फरक एवढाच, की येथे ते कुणी आखलेले नाही.

या टेकडीची एक आख्यायिका आहे. पेशव्यांचे सरदार हरिपंत फडके यांचे सेनापतिपद गेले, तेव्हा त्यांनी येथे येऊन एकवीस दिवस रोज एकवीस प्रदक्षिणा घातल्या. पद परत मिळाले आणि बदामीचा किल्लाही पडला. बदामी पडली ती १७८६ मध्ये, हरिपंतांच्या मोहिमेत, हे इतिहासातले. देवळाकडे येणारी वाट त्यांनी बांधवली असे सांगतात, आणि १७९४ मध्ये त्यांचा अंत झाला तोही सिद्धटेकलाच. आता पाच किलोमीटरला एकवीसने गुणा. रोज एकशे पाच किलोमीटर, आणि असे एकवीस दिवस. कुठल्याही वयाच्या, कुठल्याही देवभोळ्या सरदाराला हे शक्य नाही. म्हणजे प्रदक्षिणा देवळापुरत्या होत्या, किंवा आकडा गणपतीच्या आवडीचा म्हणून आला. मला तो हिशेब जुळवायचा नाही. पदच्युत झालेला एक प्रौढ लढवय्या माणूस पुण्याच्या दरबारात विनवण्या करीत बसण्याऐवजी एका टेकडीभोवती तीन आठवडे चालत राहिला, असे लोकांना सांगावेसे वाटले, हे मला पुरेसे आहे. त्याला बरे वाटले का, हे आख्यायिका सांगत नाही. तिला पद आणि किल्ला यांतच रस आहे. आपल्या आजच्या शिबिरांनाही फळातच रस असतो. फक्त बदामीऐवजी गुणपत्रिका आली.

परत येण्याबद्दल बोलायचे तर शंकराच्या प्रदक्षिणेकडे पाहावे. सोमसूत्री प्रदक्षिणेत पन्हळ ओलांडायची नाही. तेथवर जायचे, मागे फिरायचे, आणि उलट्या बाजूने पुन्हा तेथवर येऊन परतायचे. वर्तुळ पुरे होऊ द्यायचे नाही. लॅबिरिन्थच्या वाटेवर जी उलटी वळणे येतात, चालणाऱ्याचे तोंड पुन्हा पुन्हा आल्या दिशेला फिरवतात, त्यांना आपल्याकडचा सर्वांत जवळचा नातेवाईक हा. अकोले तालुक्यात हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराची लेणी आहे. चार खांबांपैकी एकच उरला आहे, मध्ये भले थोरले लिंग, आणि भोवती कमरेएवढे बर्फासारखे पाणी. त्या पाण्यातून लिंगाभोवती जाताना पायाखालचा दगड दिसत नाही. प्रत्येक पाऊल चाचपून टाकावे लागते आणि त्या वेळी डोक्यात दुसरा विचार टिकत नाही. हा ध्यानाचा प्रकार आहे की नुसती थंडी, हे मी सांगू शकत नाही. पण मन एका जागी आणण्यासाठी पावलाला थोडी अडचण लागते, हे मला तेथे पटले. सपाट मैदानावरच्या विटांत ही अडचण वळणांनी आणलेली असते. ती युक्ती चांगली आहे आणि तिचे श्रेय तिला दिले पाहिजे.

आणि तसे पाहिले तर ही आकृती परकीही नाही. गोव्यात उसगाळीमळ येथे कुशावतीच्या पात्रातील जांभ्यावर ती कोरलेली आहे. १९९३ मध्ये ही चित्रे अभ्यासकांसमोर आली. २०२५ च्या डिसेंबरात सोलापूर जिल्ह्यातील बोरामणीच्या माळरानावर दगडांच्या रांगांची पंधरा वेढ्यांची रचना सापडल्याच्या बातम्या आल्या. अभ्यासकांनी तिचा संबंध सातवाहनकाळातील रोमन व्यापाराशी जोडला. तो जोड टिकेल की नाही हे पुढे कळेल. पण डेक्कन कॉलेजच्या सांकलियांनी १९५४ ते ५६ मध्ये आमच्या नेवाशात उत्खनन केले तेव्हा प्रवरेच्या काठी रोमन मद्यकुंभांचे तुकडे निघाले होते, हे त्या बातम्या वाचताना आठवल्याशिवाय राहिले नाही. ज्या वाटांनी मद्य येऊ शकते त्या वाटांनी एखादी आकृती का येऊ नये? तेव्हा ‘हे आपले, ते त्यांचे’ या वादात मला पडायचे नाही. माझा आग्रह शब्दापुरता आहे.

नेवासे म्हटले की साहित्याच्या माणसाला दुसरेच काही आठवते. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, जेथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली अशी श्रद्धा आहे, तेथे तो खांब उभा आहे. त्यावर दुर्गाबाई भागवतांनी लिहिले आणि १९७० च्या त्या संग्रहाला नावही ‘पैस’ हेच दिले. पैस म्हणजे विस्तार, ऐसपैस मधला पैस. एका दगडी खांबाला लोकांनी मोकळ्या जागेचे नाव द्यावे, ही मराठी माणसाची नाव ठेवण्याची ताकद होती. त्या खांबाभोवती फिरताना मला नेहमी वाटते की पारायण हीही अशीच एक वाट आहे. अठरा वळणे, सुमारे नऊ हजार पावले, कुठेही फाटा नाही. पुढची ओवी कोणती हे वाचणाऱ्याला निवडायचे नसते. हल्ली मुलांच्या आयुष्यात निवडीच फार झाल्या आहेत. कुठली शाखा, कुठली परीक्षा, पुण्याला जायचे की नाही. आणि प्रत्येक निवड चुकण्याची भीती. ज्या वाटेवर निवडायचे काही नाही तेथे पंधरा मिनिटे घालवता येणे हा दिलासा खरा आहे. लॅबिरिन्थच्या बाजूने मला सुचलेला हा सर्वांत बळकट मुद्दा, आणि तो मी त्या सभेत मांडलाही.

राहिला प्रश्न कुणाबरोबर याचा. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघते ती नगर शहरातून, पुढे मिरजगावावरून पंढरीला जाते. इरावतीबाई कर्वे पंढरीच्या वारीत चालल्या आणि ‘वाटचाल’ लिहिला, दि. बा. मोकाशींचे ‘पालखी’ १९६४ चे. दोघेही वारकरी म्हणून नव्हे, शंका घेऊन गेलेले. दोघांच्याही लेखनात मन:शांतीपेक्षा माणसे अधिक आहेत, त्यांचे फोड आलेले पाय आहेत, पंक्तीतले भेद आहेत, कुणी तरी कुणाला तरी दिलेला भाकरीचा तुकडा आहे. इरावतीबाईंना एकाच दिंडीतल्या ब्राह्मण आणि मराठा मंडळींचे वेगळे जेवण बोचत राहिले. चालण्याने त्यांचा ताण उतरला नाही, वाढला. आणि म्हणूनच तो लेख आपण अजून वाचतो. वारीला कुणी ताणमुक्तीचा उपाय म्हणू लागले की मला संकोच होतो तो यामुळे. पण वारीत एक गोष्ट नक्की असते, मागे कुणी तरी चालत असते. मागोमाग येतो म्हणणारे खरेच येतात.

सभेत मी एवढेच सुचवले की नाव काहीही ठेवा, पण रोज संध्याकाळी एका शिक्षकाने मुलांमागून त्या वाटेवर चालावे. बोलायचे नाही, समुपदेशन करायचे नाही, नुसते मागे चालायचे. वेळापत्रकाच्या अडचणी निघाल्या. नाव म्हणून मी ‘आवर्त’, ‘वळसा’ आणि ‘पैस’ असे तीन शब्द दिले. पहिला बोजड ठरला, दुसरा फार साधा, तिसऱ्याचा अर्थ फलकाखाली द्यावा लागेल म्हणून मागे पडला. फलक अजून कोराच आहे. नाव नसले तरी संध्याकाळी पाच-सहा मुले तेथे दिसतात. आठवड्यातून दोनदा मीही असतो, माझे तास त्या दिवशी चारला संपतात. पहिल्या दिवशी त्यांना वाटले की मी हजेरी घ्यायला आलो आहे. आता मागे वळून पाहत नाहीत. परवा एकाला दुसऱ्याला हाक मारताना ऐकले, ‘चल रे, चकलीवर जाऊन येऊ.’